पाच हार, टाका एकही नाही

मित्रांनो, माझ्या गळ्यात पाच वेळा झेंडूचे हार पडले. पाच वेळा माझ्यासोबत फोटो निघाले, पाच वेळा लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाच वेगवेगळ्या बायांना माझ्यासमोर सरकारी कागदावर अंगठा उठवायला बसवलं. हे सगळं दोन वर्षांत झालं. त्या दोन वर्षांत माझ्या सुईखालून एक चिंधीसुद्धा गेली नाही.

मी पायानं चालवायची काळी शिलाई मशीन आहे. आता वय झालं आहे. अंगावरची सोनेरी फुलं निम्मी पुसली गेली, पायडल कुरकुरतं, दमट हवेत चाक जड जातं. राग मात्र अजून ताजा आहे. लहान मुलांसमोर रागावून बोलू नये असं म्हणतात. मी बोलणार आहे. उद्या तुमच्यातलंच कुणीतरी मोठं होऊन कचेरीतल्या खुर्चीवर बसेल, आणि तेव्हा त्याला हे सांगायला कुणी येणार नाही.

माझा जन्म लुधियान्याचा. वितळलेलं लोखंड साच्यात ओतून माझा देह घडला, त्यावर काळा रंग चढला, फुलं उठली. सगळ्यात शेवटी एका म्हाताऱ्या कारागिरानं मला मागे कलंडवलं आणि पोटाखाली नंबर ठोकला. सात, एक, आठ, चार, दोन. एकेका आकड्याला हातोडीचा एकेक घाव. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण तो म्हणाला की रंग जाईल, फुलं जातील, हा नंबर तेवढा जायचा नाही. मग एका तपासनिसानं पांढऱ्या कापडाची पट्टी सुईखाली घालून हातभर शिवण मारली. टाका एकसारखा पडला. त्यानं पट्टी उजेडात धरून पाहिली आणि मान डोलावली. पुढं कित्येक दिवस मी त्या एका मान डोलावण्यावर जगले.

रेल्वेनं नागपूर, तिथून ट्रकनं पैनगंगा ओलांडून आम्ही आदिलाबाद जिल्ह्यात आलो. तेव्हा हा जिल्हा आंध्र प्रदेशात होता आणि हुकूम हैदराबादहून येत. असाच एक हुकूम आला होता. जिल्ह्यातला एक जुना जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना बंद पडला होता. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं काम तिथं चाले. एका सकाळी फाटकाला कुलूप लागलं आणि दीडशे माणसं घरी बसली. त्यांत चाळीस बाया होत्या. सरकारनं ठरवलं की या प्रत्येक बाईला एक मशीन अनुदान म्हणून द्यायची, म्हणजे तिला घरी बसून पोट भरता येईल. योजना चांगली होती. ज्या कुणी ती लिहिली त्याच्यावर माझा राग नाही.

ट्रकमधून आम्ही आठजणी उतरलो. मी मोजलं होतं, कारण एकाच दोरानं आम्हा आठजणींना बांधलं होतं. कागदावर आम्ही किती उतरलो, ते मला दोन वर्षांनी कळलं.

ज्या ऑफिसात आम्हाला नेलं त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की बाकीची ऑफिसं सुटल्यासारखी वाटतात. तिथल्या मागच्या खोलीची किल्ली नरसिंगराव नावाच्या कारकुनाकडे होती. नरसिंगराव स्वच्छ धुतलेला सदरा घालत, दारात चपला काढून आत येत, आणि टेबलावर रोज उदबत्ती लावत. वाईट माणूस लांबून ओळखू येतो असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ते विसरा.

पहिला कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. मांडव, खुर्च्या, भोंगा, सगळं होतं. आम्हाला पुसून एका रांगेत ठेवलं आणि हार घातले. भोंग्यातून नाव आलं, बयनाबाई. पंचेचाळीसच्या आसपासची उंच, काटक बाई पदर खोचून पुढं आली आणि माझ्यासमोर बसली.

बयनाबाईनं त्या बंद कारखान्यात अठरा वर्षं गाठींवर नंबर टाकायचं काम केलं होतं. एका हातात काळ्या रंगाचा डबा, एका हातात कुंचला. प्रेसमधून गाठ बाहेर पडली की तिच्यावर नंबर घालायचा आणि मोठ्यानं बोलायचा. तिला अक्षरं येत नव्हती. आकडे मात्र तिचे होते. त्यामुळे पाहुण्यांनी फोटोसाठी मान वळवायच्या आत तिनं जुन्या सवयीनं मला मागे कलंडवलं, पोटाखाली बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "सात, एक, आठ, चार, दोन." लुधियान्याच्या कारागिरानंतर माझं खरं नाव घेणारी ती पहिलीच. फार बरं वाटलं मला.

फोटो झाला, अंगठा झाला. बयनाबाई उठून मला उचलायला लागली तसे नरसिंगराव लगबगीनं आले.

"राहू द्या बाई, राहू द्या. दुसऱ्या बाईले येऊ द्या आता."

"बैलबंडी आणली साहेब मी, दिराची. गोणपाट आंथरून ठेवलं तिच्यात. दोन गडी तेवढे द्या उचलाले."

"आज नाई नेता येत. मिसल, म्हणजे फाईल, पुरी व्हायची आहे. वरचे दस्तखत बाकी आहेत. आठ रोजात घरपोच येते मशीन."

"मंग अंगठा काऊन घेतला?"

"तो मिळाल्याचा आहे."

"मिळाली कुठं अजून?"

नरसिंगराव समजुतीनं हसले. "सरकारी कामात आधी अंगठा लागते बाई, वस्तू मागून. तुमाले नाई कळायचं ते."

बयनाबाईची बंडी गोणपाटासकट रिकामी परत गेली. मी ऑफिसच्या मागच्या खोलीत परत आले. दुसऱ्या दिवशी फाईलवर शेरा पडला, वाटप पूर्ण. शेरा मारणाऱ्यानं मला पाहिलंही नव्हतं, आणि मी त्याच्या टेबलापासून वीस पावलांवर होते.

आता तुम्ही म्हणाल, एक मशीन उशिरा मिळाली तर एवढा काय आकांत? सांगते. पुढचं बरंच मला बयनाबाईनंच नंतर सांगितलं. मशीनवर बसलेली बाई बोलत असते, आणि मशीनला ऐकण्यावाचून इलाज नसतो. अठरा वर्षं रुईची धूळ छातीत गेली होती तिच्या. कारखाना बंद झाला त्याच सुमारास डॉक्टरनं तिला बजावलं होतं, की पुन्हा त्या धुळीत गेलीस तर छाती कामातून जाईल. जिल्ह्यात दुसऱ्या जिनिंग होत्या, तिथं काम मिळत होतं, पण तिला ते विषासारखं होतं. नवरा नव्हता. मशीन आली की ती घरी बसून शिवणार होती आणि मोकळ्या हवेत श्वास घेणार होती. म्हणजे माझं येणं न येणं हा तिच्या श्वासाचा प्रश्न होता. फाईलीत ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

ती घरी गेली आणि तिनं खिडकीखालची जागा सारवून घेतली. तिथं ट्रंक होती, ती हलवली. खंडेनवमी दहा दिवसांवर होती. कारखान्यात त्या दिवशी प्रेसला हळदकुंकू लावायची रीत होती, तशी आता मला लावायचं तिनं ठरवलं होतं. आठ रोज गेले. खंडेनवमी गेली. दिवाळी गेली. त्या सारवलेल्या जागेवर तिनं दोन वर्षं कुणाला डबासुद्धा ठेवू दिला नाही.

मी कुठं होते? मोडक्या खुर्च्या, जुनी कपाटं आणि फाटके मांडव यांच्यामधे. उंदरांनी माझा चामडी पट्टा खाल्ला. तेल वाळून चिकट झालं. पोटात कोळ्यांनी घर केलं. मधेच एखाद्या दिवशी दार उघडे, रॉकेलच्या बोळ्यानं मला पुसत, जीपमधे टाकत आणि दुसऱ्या गावी नेत. कधी बोथच्या रस्त्यावरचं गाव, कधी गोदावरीकडचं. मांडव तोच, भोंगा तोच. नवी बाई येई, माझ्यावर हात ठेवी, फोटो, टाळ्या, अंगठा. तिचा चेहरा उजळलेला असे आणि मला तिच्याकडे बघवत नसे. मग "आठ रोजात घरपोच". असं दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, चौथ्यांदा झालं. मला तोंड असतं तर मी त्या भोंग्यातच ओरडले असते. पण मशीनला नुसती सुई असते.

दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बयनाबाई ऑफिसात येई. व्हरांड्यात तिचा खोकला आधी येई, मागून ती. पहिल्यांदा तो खोकला बारीक होता.

"माही मशीन, साहेब."

"दस्तखत झाले नाईत."

सहा महिन्यांनी उत्तर बदललं. नरसिंगरावांनी फाईल उघडून तिच्यापुढं धरली. "हे पाहा बाई. तुमची मशीन पोचली. हा कोणाचा अंगठा आहे?"

"माहाच हाय."

"मंग आता काय मागून राह्यल्या तुमी?"

"मशीन मागून राह्यली. अंगठा माहा हाय, मशीन नाई आली."

"कागदावर जे असते ते खरं धराव लागते. उद्या प्रत्येक बाई येऊन म्हणंल मले मिळालीच नाई, तर ऑफिस कसं चालाचं?"

भिंतीच्या या बाजूला मी होते, मित्रांनो. एक वीट मधे होती. तिनं हाक मारली असती तर मला ऐकू गेलं असतं, आणि मी ऐकतच होते.

तुम्हाला वाटेल की कुणी तपासणी करत नव्हतं. करत होते की. चाळीसांतली दोन-चार घरं पाहून यायची असा नियम होता. एक दिवस तपासणीवाला साहेब बयनाबाईच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मशीन कुठं आहे?" तिला वाटलं, आली एकदाची. तिनं हात धरून त्याला आत नेल्यासारखं नेलं आणि खिडकीखालची सारवलेली जागा दाखवली. "इथं ठेवाची हाय साहेब, हे पाहा, उजेड बी चांगला हाय." त्यानं जागा पाहिली आणि वहीत लिहिलं, मशीन जागेवर आढळली नाही. तिला एक प्रश्न त्यानं विचारला नाही. वहीत प्रश्नाला जागा नव्हती.

महिन्याभरानं नोटीस आली. तेलुगूत होती, पोस्टमननं वाचून दाखवली. सरकारी अनुदानात मिळालेली मशीन तुम्ही परस्पर विकल्याचं दिसून आलं आहे. पंधरा दिवसांत खुलासा करा, नाहीतर तिची किंमत वसूल होईल आणि पुढच्या सगळ्या मदतीतून तुमचं नाव कापलं जाईल.

जी वस्तू हाताला लागली नाही ती विकली म्हणून चोर ठरवलं तिला. काम गेलेल्या बाईला. अशी नोटीस टाइप करताना कुणाचीच बोटं थबकली नाहीत, याचा मला आजही संताप येतो.

बयनाबाईनं खुलासा लिहून घेतला, नेऊन दिला, पोच मागितली. पोच मिळाली नाही. वसुलीच्या धास्तीनं ती एका खासगी जिनिंगवर जायला लागली, त्याच धुळीत. पुढच्या मंगळवारांना तिचा खोकला व्हरांड्यातून नव्हे, रस्त्यावरूनच ऐकू यायला लागला.

पाचवा कार्यक्रम ठरला तेव्हा ऑफिसात नव्या अधिकारी आल्या होत्या, पद्मिनी मॅडम. हैदराबादेत वाढलेल्या, पण घरची भाषा मराठी. त्यांना येऊन तीन आठवडे झाले होते आणि त्या अजून फायली वाचत होत्या. नरसिंगरावांनी मला या खेपेला नवरीसारखी सजवली. पुसलेल्या फुलांवर नवी चिकटफुलं लावली, वर हिरवं कापड टाकलं. नंबराला कुणी हात लावला नाही. अंगठा उठवणाऱ्या बाईला आकडा काय कळणार, आणि मशीन कलंडवून कोण बघणार, हा त्यांचा हिशेब. आधीच्या चारही वेळा तो खपून गेला होता.

त्या दिवशी भोंग्यातून चंद्रभागेचं नाव आलं. चंद्रभागा बयनाबाईच्याच कारखान्यातली, बारा वर्षं कापूस ओढायच्या कामावर होती. ती बयनाबाईच्या शेजारच्याच, जैनथकडच्या गावची, आणि मशीन उचलून न्यायला तिनं बयनाबाईला सोबत आणलं होतं. बयनाबाई नको म्हणाली होती. तिला त्या मांडवात पाऊल टाकवत नव्हतं. तरी मैत्रिणीखातर आली.

चंद्रभागा माझ्यासमोर बसली. तिलाही कारखान्याची सवय. तिनं मला मागे कलंडवलं, पण तिला आकडेही येत नव्हते, म्हणून गर्दीकडे बघून म्हणाली, "बयने, नंबर वाच वं माहा."

बयनाबाई दोन पावलं पुढं आली. खोकल्याची उबळ आली, ती थांबेपर्यंत पदर तोंडावर धरून उभी राहिली. मग वाकून पाहिलं, आणि वाचायची गरजच राहिली नाही.

"चंद्रभागे, अंगठा थांबव," ती म्हणाली.

चंद्रभागेचा निळा अंगठा कागदाच्या वर बोटभर थांबला.

नरसिंगराव पुढं आले. "काय चालू आहे बाई? पाहुणे बसले आहेत."

"ही मशीन म्या इकली म्हणून नोटीस देली तुमी मले," बयनाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, तरी मागच्या खुर्चीपर्यंत गेला. "मंग ही इथं कशी आली?"

"सगळ्या मशिनी सारख्याच दिसतात, बाई."

"दिसू द्या. मी इथून दूर होतो. या बाईसाहेब पोटाखाली पाहतील. सात, एक, आठ, चार, दोन. पयल्या कार्यक्रमात माह्यापुढं होती. दोन वर्स झाले."

ती खरंच चार पावलं मागे सरली. पद्मिनी मॅडम खुर्चीवरून उठल्या, हिरवं कापड बाजूला केलं आणि स्वतःच्या हातानं मला कलंडवलं. नंबर वाचला. मग आतली जळमटं पाहिली, कुरतडलेला पट्टा हातात धरून पाहिला.

"नरसिंगराव, ही नवी मशीन का?"

नरसिंगराव हिरव्या कापडाची घडी घालू लागले.

"रजिस्टर आणा."

रजिस्टर आलं. त्यात चाळीस मशिनी वाटलेल्या होत्या आणि चाळीसावं नाव चंद्रभागेचं होतं. एकोणचाळीस अंगठे उठलेले होते. तेव्हा मला कळलं की कागदावर आम्ही चाळीस उतरलो होतो. मॅडमनी पानं उलटली.

"यात मशीनच्या नंबरचा रकाना कुठं आहे?"

"फॉर्मच तसा छापून येते मॅडम. नाव, गाव, अंगठा, तारीख."

"म्हणजे कोणाला दिली ते आहे, काय दिलं ते नाही. आणि पोचली का, हे कुठं आहे?"

"अंगठा म्हणजेच पोचली, मॅडम."

मॅडमनी बयनाबाईकडे पाहिलं. "तुम्हाला दोन वर्षांपूर्वीचा नंबर कसा लक्षात राहिला?"

"गाठ माह्या हातून गेली की नंबर डोक्यात राह्यते, बाईसाहेब. आमच्या कारखान्यात तशी रीत होती. प्रेसवर म्या नंबर बोलाचा. गाठ फाटकावर गेली की तिथला माणूस तोच नंबर परत बोलाचा. दोघाचा जुळला तरच गाठ गेली म्हणाचं. नाई जुळला तर गाडी थांबवाची, मालक असो का कोणी असो. रुईची गाठ होती, तरी दोनदा बोलत होतो आमी. इथं तर माणसाच्या पोटाची गोष्ट हाय, आन् एकदा बी कोणी बोललं नाई."

मित्रांनो, त्या मांडवात मोठमोठी माणसं बसली होती. या बाईनं दोन मिनिटांत जे सांगितलं ते कुणालाही सुचलं नव्हतं, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं.

आता प्रश्न राहिला माझा. नाव चंद्रभागेचं पुकारलं होतं आणि मी तिच्यासमोर होते. तिला माझी गरज कमी नव्हती. तिच्या घरी दोन लहान लेकी होत्या. तिनं माझ्यावरून एकदा हात फिरवला. मग तिनं अंगठ्याची शाई लुगड्याला पुसली.

"माही नोहे हे," ती म्हणाली. "हिची हाय. इले देऊन टाका."

"अवो, मंग तू?" बयनाबाई म्हणाली.

"तुह्या खोकल्याइतकी घाई नाई मले."

संध्याकाळच्या आत मी बंडीत होते. गोणपाट तेच होतं. मॅडम जीपनं मागून आल्या. दारात पोचल्यावर बयनाबाईनं बंडी थांबवली आणि म्हणाली, आपल्या रीतीनं होऊ द्या. ती आत जाऊन खिडकीपाशी उभी राहिली. चंद्रभागा उंबऱ्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "सात, एक, आठ, चार, दोन." आतून खोकला आला, आणि मग बयनाबाईचा आवाज, "हाय." तेव्हा कुठं मला सारवलेल्या जागेवर ठेवलं. हळदकुंकू लावलं. मॅडमनी अंगठा तिथं घेतला, माझ्या शेजारी.

इथं गोष्ट संपवावी असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. पण तो अंगठा रजिस्टरमधे घालायची वेळ आली तेव्हा नरसिंगराव म्हणाले, "एक मशीन एकाच बाईले दोनदा पोचली असं कसं लिवाचं मॅडम? रजिस्टरात ती दोन वर्षं आधीच पोचली आहे." जो माणूस मला पाच वेळा पोचवायला निघाला होता, त्याला दोनदा लिहायला नियम आडवा आला. आणि नियम खरोखरच तसा होता. म्हणून मी बयनाबाईच्या घरी ज्या दिवशी आले, तो दिवस कुठल्याही सरकारी कागदावर नाही. तो तिनं घराच्या चौकटीवर काळ्या रंगानं लिहून ठेवला आहे, माझ्या नंबराखाली. नोटीस रद्द व्हायला आणखी चार महिने लागले.

नरसिंगरावांची बदली झाली. बाकीच्या बत्तीस मशिनी कुणाच्या बिलात गेल्या, याची चौकशी अजून चालू आहे म्हणतात. वर्षाच्या आत मॅडमचीही बदली झाली. जाण्याआधी त्यांनी भांडून एक गोष्ट करवून घेतली. नव्या फॉर्मवर नंबराचा रकाना आला. अंगठा मांडवात घ्यायचा नाही, घराच्या उंबऱ्यावर घ्यायचा, असं ठरलं. आणि त्यानंतर महिन्यानं, काम गेलेल्या बायांपैकीच एकीनं त्या घरी जाऊन नंबर बोलायचा आणि आतून उत्तर आलं तर तो वहीत लिहायचा. बयनाबाईनं दोन वर्षं हे काम केलं, गावोगाव बसनं फिरून. त्या काळात आमच्या भागात जे वाटलं गेलं ते पोचलं, हे मी छातीठोक सांगते.

चंद्रभागेला मात्र तिची मशीन मिळाली नाही. आठच मशिनी होत्या, त्या रजिस्टरातल्या पहिल्या आठ नावांना गेल्या. चाळीसावं नाव राहिलं. म्हणून सकाळी माझ्यावर बयनाबाई बसते आणि दुपारी चंद्रभागा. एकीची पायाची चाल संथ, एकीची भरभर. मला दोघी आवडतात.

एक सांगायचं राहिलं. बयनाबाईची शिवण कधी सरळ सलग जात नाही. वीतभर जाते आणि थांबते. ती पदर तोंडाला लावते, खोकते, मी सुई कापडात रुतवून थांबून राहते. मग पुन्हा वीतभर. ती पुन्हा जिनिंगच्या धुळीत गेली नसती, तर ही शिवण लुधियान्याच्या त्या पट्टीसारखी एका दमात गेली असती. डॉक्टर म्हणतो, आता हे असंच राहणार. बयनाबाई त्याला काही बोलत नाही. मी बोलते, म्हणून तर तुम्हाला सगळं सांगितलं.

रोज दुपारी चंद्रभागा येते तेव्हा उंबऱ्यावर उभी राहून गमतीनं अजूनही नंबर बोलते. "सात, एक, आठ, चार, दोन." आधी खोकला येतो. कधी लवकर थांबतो, कधी बराच वेळ थांबत नाही. चंद्रभागा तोवर आत पाऊल टाकत नाही, चौकटीला धरून उभी राहते. मग आतून येतं, "हाय."

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाला काही द्यायचं काम तुमच्या हाती येईल. हार घालू नका, फोटो काढू नका. त्या माणसाच्या दारात जा, जे दिलं त्याचं नाव मोठ्यानं घ्या, आणि आतून उत्तर ऐकू येईपर्यंत उंबऱ्यावरून हलू नका.